झोपाळ्याला टांगलेलं यंत्र

नावेत पाणी शिरत होतं आणि माझा नवरा यंत्राचा दांडा फिरवत होता. पाणी उपसायचं सोडून दांडा फिरवत होता, कारण त्याचा थोरला भाऊ मागे बसून ओरडत होता, "फिराव! थांबू नको! आते चालस, दख!"

नाव चालत होती, पण समोरच्या काठाकडे नाही. तापीनं तिला आडवी धरली होती आणि ती खाली नेत होती. खाली, आमची दोन शेतं संपतात तिथं, पाण्यात काळे खडक आहेत. उन्हाळ्यात आम्ही त्यांच्यावर गोधड्या धुतो. त्या दिवशी खडक दिसत नव्हते, त्यांच्यावरचा फेस तेवढा दिसत होता.

नावेत तिघे होते. दांड्यावर माझा नवरा, मागे गोणपाटाच्या बैठकीवर त्याचा थोरला भाऊ, आणि पुढच्या टोकाला नावाडी, दोन्ही तळव्यांनी पाणी उडवत. वल्हं, बांबू आणि दोर नावेत नव्हते. ते काठावर माझ्या पायाशी पडले होते, मुद्दाम काढून ठेवलेले. नावेच्या मधोमध ते यंत्र ठक ठक करत होतं आणि प्रत्येक ठोक्याला नावेच्या फळ्या सुटत होत्या.

मी काठावर पदर छातीपर्यंत ओढून उभी होते. काय करायला पाहिजे ते मला दिसत होतं. पण ज्याला सांगायचं त्याच्याशी बोलायची मला बंदी होती.

आम्हा गुजरांत नवऱ्याच्या थोरल्या भावाला जेठ म्हणतात. जेठासमोर धाकट्याच्या बायकोनं तोंड झाकायचं आणि त्याच्याशी बोलायचं नाही. घराला आग लागली तरी "आग लागली" म्हणायचं नाही. सांगायचंच असेल तर जेठाणीला सांगायचं, मग जेठ दोन हातांवर बसून सगळं ऐकत का असेना. जेठाणी तेच वाक्य पुन्हा म्हणणार, जेठ तिला उत्तर देणार, ती ते मला पोचवणार. लग्न होऊन मला सात वर्षं झाली होती आणि त्या सात वर्षांत जेठांनी माझा आवाज रोज ऐकला होता, पण मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

जेठ हुशार होते. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना येडं म्हणेल. कापसाच्या एका जिनिंगमध्ये ते फिटर होते. तिथं पट्ट्यात पाय सापडला, घोट्यातून वाकडा झाला, आणि ते घरी आले. गावातलं प्रत्येक ऑइल इंजिन त्यांच्या हातून सुरू व्हायचं. नवऱ्याचा बाप तो लहान असताना गेला, तेव्हापासून जेठांनीच त्याला वाढवलं. नवरा त्यांच्यासमोर खाटेवर बसत नसे.

रशियानं आभाळात गोळा सोडला, त्याच्या दोन-तीन वर्षांनंतरची ही गोष्ट. जेठ शाळेतून जुनी वर्तमानपत्रं आणून वाचायचे. एक दिवस ओसरीवर बसून त्यांनी सगळ्यांना समजावलं. बैल जमिनीला पाय रेटतो म्हणून गाडी चालते. नावाडी पाणी मागे लोटतो म्हणून नाव चालते. आभाळात वर हवा नाही, पाणी नाही, जमीन नाही. रेटायचं कशाला? जळणाचा धूर मागे फेकत गेलं तर जळण किती दिवस पुरेल? म्हणून कशालाही न रेटता, काहीही मागे न फेकता चालणारं यंत्र पाहिजे. आणि ते मी करतो, म्हणाले.

मी आत भाकरी थापत होते. मनात म्हटलं, कशालाही न रेटता मी पाटावरून उठूसुद्धा शकत नाही.

त्यांनी केलं मात्र. उसाच्या मोडक्या चरकाची दोन दातेरी चाकं आणली. दोन्हींना एकेका बाजूला लोखंडाचा जड गोळा बसवला. दांडा फिरवला की चाकं एकमेकांच्या उलट फिरायची, गोळे हळूहळू मागे जायचे आणि मग जोरात पुढे येऊन एका आडव्या पट्टीवर आदळायचे. ठक. सगळं एका सागवानी पाटावर चार नटबोल्टांनी आवळलेलं. पाट एवढा लांब की दांडा फिरवणाराही त्यावरच बसायचा. ते काम माझ्या नवऱ्याचं.

पहिल्या दिवशी ओसरीवर ते चाललं. नवरा पाटावर बसून फिरवतोय, आणि प्रत्येक ठोक्याला पाट बोटभर पुढे. ना कुणी ओढतंय, ना ढकलतंय. अर्धं गाव अंगणात जमलं. शाळेच्या गुरुजींनी पट्टीनं मोजलं आणि वहीच्या कागदावर लिहून दिलं की माझ्या डोळ्यांसमोर पाट अमुक इतका सरकला. जेठांनी तो कागद देवघरात ठेवला.

मलाही दिसलं. सरकत होता, खोटं नव्हतं. पण ओसरी मी सारवते. पाणी ओतलं की ते अंगणाकडे धावतं हे मला ठाऊक, गुरुजींना नाही. मी जेठाणीला म्हटलं, "बाई, त्यासले सांगा, पाट उलटा ठेवा. तोंड घरकडे करा."

जेठाणीनं सांगितलं. जेठ हसले. "तिले सांग, उलटा भी चाली."

त्यांनी पाट फिरवला. आणि तो चढाकडे चालला. आधीच्या निम्मा, पण चालला. मी चुकले होते, निदान अर्धी तरी. अंगणातले लोक हसले. जेठाणी माझ्या कानात म्हणाली, "बठ आते चूपचाप."

मी गप्प बसले, पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना. मग आठवलं. म्हसावदला माहेरी आम्ही लहान असताना जेवायच्या पाटावर बसून अंगाला हिसके देत शर्यत लावायचो. हात टेकायचे नाहीत, पाय टेकायचे नाहीत. अंग हळू मागे न्यायचं आणि पुढे झटका द्यायचा. पाट सरकतो. झटका जोराचा असतो तेव्हा जमीन पाटाला धरून ठेवू शकत नाही. हळू असतो तेव्हा धरून ठेवते. म्हणजे रेटणं होतंच, जमिनीलाच रेटणं होतं, फक्त दिसत नव्हतं. आईनं त्या पाटावरून मला मार दिला होता, खालचं सारवण उकरलं गेलं म्हणून. जेठांच्या पाटाखाली मी वाकून पाहिलं. तिथंही उकरलेलं होतं.

मी सुपात हरभरे घेऊन आले आणि जेठाणीला म्हटलं, "सांगा, पाटखाले ह्या हरभरा पसरा आणि मंग फिरावा."

"कसाले?" जेठ म्हणाले. जेठाणीला नाही, भिंतीकडे बघून म्हणाले.

"कसाले, विचारस," जेठाणी मला म्हणाली.

"म्हणजे जमीन पाटले धरावू नही."

जेठाणीनं डोक्याला हात लावला. "मी काय भित शे का तुम्हना मझार? इकडथून फेका, तिकडथून फेका!"

पण हरभरे पसरले गेले. नवरा बसला, दांडा फिरवला. पाट पुढे-मागे, पुढे-मागे, हरभरे कर्र कर्र वाजतात, आणि पाट तिथंच. गुरुजींनी पट्टी काढली आणि परत खिशात ठेवली.

जेठ म्हणाले, दाणे पाटाला अडवतात. चिरडलेल्या हरभऱ्यांची मी डाळ केली.

आमच्या ओसरीवर झोपाळा आहे. गुजराच्या घरात असतोच. चार साखळ्यांवर जाड फळी. हरभऱ्यानंतर चार-आठ दिवसांनी मी जेठाणीकरवी दुसरी गोष्ट सुचवली. यंत्र झोपाळ्यावर ठेवा. खाली जमीन नाही, दाणे नाहीत, काही अडवत नाही. यंत्र खरंच पुढे रेटत असेल तर झोपाळा पुढे जाऊन तिथं तटून राहील, जसा हातानं धरून ठेवलेला झोपाळा राहतो. रेटत नसेल तर नुसता हलेल.

जेठांना हे पटलं. पटलं म्हणून तर मी त्यांना हुशार म्हणते. त्यांनी स्वतः फळीला दोरा बांधला, दोऱ्याला बोल्ट लटकवला, आणि तो जिथं येतो तिथं जमिनीवर मी कोळशानं रेघ ओढली. नवरा बसला. फिरवायला लागला. झोपाळा थरथरला, साखळ्या खणखणल्या, आणि बोल्ट रेघेच्या पुढे-मागे नाचू लागला. पण नीट पाहिलं तर त्याचं नाचणं रेघेवर मधोमध नव्हतं. दोन बोटं पुढे होतं.

"दोन बोटं!" जेठ ओरडले. वाकड्या पायावर ते जवळजवळ नाचले. "तिले सांग! दोन बोटं! मोजी ले म्हना!"

मी मोजलं. दोन बोटं होती. नवऱ्याच्या तोंडावर हसू होतं, मला हरवल्याचं नाही, भाऊ खूश झाल्याचं. सगळे चहा प्यायले. मी कप विसळत विचार करत होते.

नवरा दांडा फिरवताना मागे रेलतो. कुणीही रेलेल. झोपाळ्यावर बसून मागे रेललं की फळी पुढे सरकते, त्याला यंत्र लागत नाही. मी जेठाणीला म्हटलं, "सांगा, चाकांवरना गोया काढी टाका. रिकामा चाक फिरावा. तरी दोन बोटं उनात तं ते दोन बोटं यंत्रना नही."

हे ऐकून जेठ चिडले. पहिल्यांदाच चिडले. "वजन काढीसन यंत्र चालावनं म्हंजे बैल सोडीसन गाडी हाकनी! तिले सांग, चूल दख आपली."

मी म्हटलं, "बैल सोडावर भी गाडी तितलीच चालत व्हई तं बैल काय करस, विचारा."

जेठाणी हे पुढे बोललीच नाही. बोलायची गरजही नव्हती. जेठ उठून गेले.

पुढच्या आठवड्यात ते कळसाडीला चरकाचं एक चाक बघायला गेले. भर दुपारी मी नवऱ्याला झोपाळ्यापाशी नेलं. म्हटलं, "गोया काढा." तो म्हणाला, "दादाले विचारीसन करू." मी म्हटलं, "दादा नही शेत म्हनीसनच सांगी राह्यनी." त्यानं काढले. रिकामी चाकं घेऊन झोपाळ्यावर बसला आणि तसाच फिरवायला लागला. ठक वाजेना, साखळ्या खणखणेनात. दोऱ्याचा बोल्ट हलकेच डुलत राहिला.

रेघेच्या दोन बोटं पुढे.

मग मी म्हटलं, "आते पुढे वाका आणि फिरावा." तो पुढे वाकला. बोल्ट रेघेच्या मागे गेला.

नवऱ्यानं दांडा सोडला. तो तिसरीपर्यंत शिकलेला, पण मूर्ख नव्हता.

"सांगश्यात का दादाले?" मी विचारलं.

"नही."

"काब्र?"

"थोरला भाऊ शे मन्हा. त्यानीच माले मोठा करा. त्याना तोंडवर मी कसं सांगू, तुन्हं खोटं शे?"

"खोटं नही सांगनं. चुकनं इतलंच सांगनं."

"तू सांग."

"मी कशी सांगू? माले बोलता येत नही त्यासनासंगे."

"मंग," तो म्हणाला, "दोन्हीसना तोंडले कुलूप." आणि त्यानं गोळे परत बसवले. बोल्ट पान्यानं घट्ट आवळले.

जेठाणीला मी सांगितलं. तिनं जेठांना सांगितलं असावं, कारण दोन दिवस त्यांनी ओसरीवर पाय ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, मला ऐकू जाईल असं, पण जेठाणीला: "जमीन धरस, ती म्हनस. साखळी धरस, मी म्हनस. मानूस रेलस, ती म्हनस. बरं. पानीवर कोन धरी? नावमा बठाडू, पल्याड जाऊ. गावदेखत. मंग कोनीच काही सांगाव नही."

त्यांना नदीकडे मीच नेलं. कबूल करते. मी एकेक दार बंद करत गेले आणि ते उरलेल्या दारानं निघाले. हरभऱ्यावर थांबले असते तर यंत्र ओसरीवर पडून गंजलं असतं. पण खोटी दोन बोटं मला सोडवत नव्हती. आजही सोडवणार नाहीत.

भादव्यात ठरलं. उन्हाळ्यात नाव लागत नाही, लोक कमरेइतक्या पाण्यातून जातात. नाव चालते ती याच दिवसांत, नदी गढूळ असते तेव्हा. जेठाणी म्हणाली, पितरांच्या दिवसांत नवं काही करू नका. जेठ म्हणाले, पितर बघायला येतील.

मी नवऱ्याला सरळ विचारलं, "तुम्हले माहीत शे ते चालाव नही. तरी बठश्यात?"

"बठसू. नाव नावाड्यानी शे. चालनं नही तं तो वल्हं मारी आणि परत लई ई."

मला ते पुरेसं वाटलं, एक रात्र. सकाळी कळलं की जेठांनी वल्हं न्यायचं नाही असं ठरवलंय.

आमच्याकडे नदीच्या वाळूत टरबूज लावणारे लोक सुके भोपळे बांधून नदी ओलांडतात. पोकळ, वाळलेले, घागरीएवढे. मी दोन चांगले मागून आणले आणि त्यांना मजबूत दोरी बांधली. ते उघडे ठेवले असते तर जेठांनी फेकून दिले असते. माझ्या यंत्रावर विश्वास नाही म्हणून भोपळे आणले, म्हणाले असते, आणि ते खरंच होतं. म्हणून मी ते गोणपाटात घातले, वरून कडबा भरला, तोंड शिवलं आणि त्याची बैठक केली. जेठाणीच्या हातात दिली. "सांगा, पाय दुखस त्यासना, नावमा बठाले." जेठांनी बैठक चाचपली, चांगली आहे म्हणाले. जेठाणीनंही चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याला मी फक्त एवढं सांगितलं, बैठक सोडू नका.

काठावर बायका वरच्या बाजूला निंबाखाली, पुरुष खाली पाण्याजवळ. नावाडी जेठांच्या मागे मागे फिरत होता.

"पाटील, दोर तरी बांधू. नदी आज बरी नही शे."

"दोर बांधा तं लोक सांगतीन, दोरनी ओढी."

"वल्हं तरी राहू द्या."

"वल्हं राह्यनं तं सांगतीन, वल्हानी चालनी."

"पाटील, चालनी नही तं?"

जेठांनी खांद्यावरचा गमछा झटकला. "तू ये संगे, आणि हात बांधीसन बठ."

यंत्र नावेत चढवलं आणि यंत्राचे तेच चार बोल्ट पाटातून आरपार घालून नावेच्या आडव्या लाकडांना आवळले. शेवटचा बोल्ट जेठांनी स्वतः आवळला आणि पाना सदऱ्याच्या खिशात टाकला. हे मी वरून पाहिलं. नावाड्यानं सवयीनं पाय रेटून नाव काठापासून लोटली आणि उडी मारून बसला. नवऱ्यानं दांडा फिरवला. ठक. ठक. नाव दहा-बारा हात सरळ गेली. लोकांनी आरोळी ठोकली. जेठांनी दोन्ही हात वर केले.

ते दहा-बारा हात नावाड्याच्या पायाचे होते. ते संपले, आणि धारेनं नाव धरली.

सुरुवातीला लोक हसत होते. मग नाव आडवी झाली आणि हसणं बंद झालं. मी निंबाखालून खाली आले, पुरुषांमधून वाट काढत. वल्हं, बांबू, दोर पाण्याजवळ पडले होते. एकानं दोर फेकून पाहिला, तो निम्म्यातच पडला. मग आम्ही सगळे नावेबरोबर काठानं खाली पळायला लागलो. पदर धरून पळता येत नाही. तरी मी धरला होता, आणि वल्हं काखेत, कशासाठी ते माहीत नाही.

नावेत वल्हं नव्हतं, पण तो पाट होता. सागवानी, लांब. तो सुटला तर वल्हं होईल. यंत्राचं लोखंड गेलं तर नाव वर येईल. त्यासाठी चार बोल्ट सोडायचे, आणि पाना जेठांच्या खिशात. माझा नवरा भावाच्या खिशात हात घालणार नाही. बुडेल, पण घालणार नाही. हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं.

मी मागे वळून पाहिलं. जेठाणी तिकडे निंबाखालीच राहिली होती. मध्ये भिंत नव्हती.

मी वल्हं टाकलं, पदर मागे फेकला आणि ओरडले. शेतातून गुरं हाकताना ओरडतात तसं.

"जेठजी! यंत्र काहीच करत नही! बिनवजननं दखं मी, दोन बोटं मानूसना शेत! पाना द्या त्यासले! पाना द्या!"

काठावर लोक पळता पळता थांबले. नावेत जेठांनी मान वळवली. त्यांना माझं तोंड पहिल्यांदाच दिसलं असेल. ते माझ्याकडे असं बघत होते, जणू निंबाचं झाड बोललं. दांडा थांबला होता. मी पुन्हा ओरडले, "बोल्ट सोडा, लोखंड फेका, पाट वल्हासारखा मारा! पाना द्या, जेठजी!"

त्यांचा हात खिशात गेला. पाना त्यांनी भावाकडे दिला.

पुढचं फार भराभर झालं. नवऱ्यानं तीन बोल्ट सोडले, चौथा येईना, नावाड्यानं लाथेनं लाकूड मोडलं. दोघांनी मिळून यंत्र एका बाजूनं पाण्यात ढकललं. नाव कलंडली, सावरली, वर आली. नवऱ्याच्या हातात नुसता पाट. त्यानं तो पाण्यात असा मारला की मी काठावरून आवाज ऐकला. नाव खडकांपासून पूर्ण वाचली नाही. पण मधली धार सोडून काठाच्या बाजूच्या खडकाला लागली, जिथं पाणी संथ असतं. तिथं तिच्या फळ्या उघडल्या आणि तिघे पाण्यात पडले. नवरा आणि नावाडी पोहणारे. जेठांना पोहता येत नव्हतं. पण बैठक तरंगत होती, नवऱ्यानं ती सोडली नव्हती, आणि त्यानं भावाला तिच्यावर उताणा घातला. आम्ही दोर फेकला. या वेळी पोचला.

जेठ काठावर ओकत बसले होते. गोणपाट फाटून एक भोपळा बाहेर आला होता. त्यांनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला. मग माझ्याकडे पाहून विचारलं, जेठाणीला नाही, भिंतीला नाही, मला.

"ह्या तू भरात?"

"हो."

"पहिले दहा हात सरळ गयी नाव. दखं ना तू?"

"दखं. नावाड्यानी पायवरी ढकली व्हती."

नावाडी मान हलवून "हो, पाटील" म्हणाला.

जेठांनी भोपळा खाली ठेवला. "पानीनी धार नसती तं..." एवढं बोलून ते थांबले.

जेठांसमोर पदर मी नंतरही ओढत राहिले, पण बोलणं बंद केलं नाही. सासरच्या बायकांनी पुष्कळ वर्षं मला त्यावरून टोमणे मारले. मारू देत. नवऱ्यानं मला कधी शाबासकी दिली नाही आणि मी मागितली नाही. तो जाऊन बरीच वर्षं झाली. इथं मी त्याला अरे-तुरे लिहिते, तोंडावर कधी केलं नाही. नावाड्याला जेठांनी दुसरी नाव करून दिली, फळ्या स्वतः बसवल्या.

दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा यंत्र केलं, लहान, घड्याळाच्या स्प्रिंगवर चालणारं, माणूस न बसवता. मला बोलावलं आणि स्वतःच ते झोपाळ्यावर ठेवलं. दोरा बांधला, कोळसा माझ्या हातात दिला. आधी गोळे काढून चालवलं, मग गोळे लावून. बोल्ट दोन्ही वेळा रेघेवरच डुलत राहिला. मग त्यांनी यंत्र उतरवलं, स्प्रिंग काढून डब्यात ठेवली आणि गुरुजींचा कागद देवघरातून काढून चुलीत टाकला. "आभायमा काय करतीन ते करतीन," म्हणाले, आणि कुणाचं तरी इंजिन सुरू करायला निघून गेले.

यंत्राचं लोखंड अजून तापीतच असेल. नाव गेली. त्या दिवशी नावेत तिघे होते, माझा नवरा, जेठ आणि नावाडी. तिघेही जगले.